कॉफीची इस्टेट

मार्थाबाई, आपल्या नातीला, नोराला, तुमच्या बंगल्याचा फोटो हवा आहे.

परवा तिचा फोन आला तेव्हा मी तुमच्या मागच्या पडवीत उभी होते. तिच्या शाळेत प्रत्येकाने आपल्या आजी-आजोबांपैकी एकाविषयी बोलायचं आहे आणि तिने तुम्हाला निवडलं आहे. "वसईची आजी, तू अजून तिथेच आहेस ना? मग इस्टेटीचा एक मस्त फोटो काढ. बंगला पूर्ण यायला हवा हां. आणि राजा दिसला तर राजाचा पण." मी म्हटलं, "बघते." फोन ठेवला आणि समोर पाहिलं. पडवीची पायरी, पायरीखाली तुमचं सिमेंटचं टाकं, टाक्यामागे उतार, उतारावर उंच सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफीची झाडं, आणि मग काटेरी कुंपण. कुंपणापलीकडे कमलाबाईंची झाडं सुरू होतात. कुंपणाशी काम करणाऱ्या माणसाला पडवीतून साध्या आवाजात काही विचारलं तर तो तिथूनच उत्तर देतो, एवढंच अंतर. फोटोत हे सगळं मावतं आणि तरी वर आभाळाला भरपूर जागा उरते.

बंगला नाही. राजा नावाचा घोडा नाही. हे तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत होतं. आता ते सांगू शकणारी मी एकटीच उरले आहे, कारण तुमच्या लेकीने, करुणाने, हा विषय कायम आपल्या दोघींवर सोडला होता. "तुम्हां दोघी आयांचा मामला आहे, मी मध्ये पडणार नाही," असं ती म्हणायची.

हे मी तुम्हाला लिहिते आहे, पण ऐकायचं आहे ते मुलांनी. नोरा आणि आयझॅक परदेशात वाढलेली, दोघांना मराठी ऐकून कळतं; करुणा त्यांना वाचून दाखवील. त्यांच्यासाठी इंग्रजीत लिहिणं मला जास्त सोपं गेलं असतं, अख्खी नोकरी मी त्यातच काढली. पण तुमच्याशी इंग्रजीत कशी बोलू? सगळा घोटाळा इंग्रजीनेच तर झाला.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या बोळिंजच्या फ्लॅटवर आलात तो दिवस मला स्वच्छ आठवतो. माझ्या लेस्लीने आणि तुमच्या करुणाने पुण्यात आपसांत ठरवून टाकलं होतं, आपण दोघींनी फक्त एकमेकींना बघायचं बाकी होतं. करुणाचे वडील गेलेले, माझे यजमानही गेलेले. तुम्ही एकट्या आलात, रात्रभर गाडीत बसून, आणि दारातच एक पत्र्याचा डबा माझ्या हातात दिलात. कॉफीचा वास घरभर झाला. मी तुम्हाला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि मुलाची आई विचारते तसं विचारलं, "मग तुमचं तिकडे काय काय असतं?"

तुम्ही म्हणालात, "काही नाही जी. एक घर हाये, अन मांगं कॉफीची इस्टेट. तेवढीच."

इस्टेट. आपल्या मराठीत माणसाच्या मालकीचं जे काही असेल त्याला इस्टेट म्हणतात. दोन बकऱ्या आणि एक पेटी असली तरी ती इस्टेटच. माझी आई तिच्या लुगड्यांच्या ट्रंकेला इस्टेट म्हणायची. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण कॉफी हा शब्द आधी आला आणि त्याच्या पाठोपाठ इस्टेट आला, आणि माझ्या कानाने ते दोन्ही शब्द इंग्रजीत ऐकले. डोळ्यांसमोर डोंगरच्या डोंगर आले, उतरत्या छपराचा बंगला आला, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या आल्या. तुम्ही "तेवढीच" म्हणालात तो मी तुमचा विनय समजले. मनात म्हटलं, खानदानी माणसं अशीच बोलतात.

रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात मी सेलिनला सांगितलं. सेलिन आमच्या मजल्यावरची, स्वभावाने चांगली, पण तिच्या कानात पडलेली गोष्ट तिथे राहत नाही. पुढच्या रविवारपर्यंत सगळ्या पॅरिशला ठाऊक झालं होतं की लेस्लीची सासुरवाडी कॉफी इस्टेटवाली आहे. लोक माझ्याशी जरा निराळं बोलू लागले. ते मला आवडलं, मार्थाबाई. आधी हे लिहून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल.

साखरपुड्याची बोलणी करायला मी तुमच्याकडे आले. परतवाड्याहून गाडी घाट चढू लागली तशी मी केस नीट केले, साडीच्या निऱ्या पुन्हा बसवल्या. तुमच्या दारात उतरले. मातीच्या भिंती, कौलं, अंगणात शेणाने सारवलेली जमीन, स्वच्छ. मला वाटलं हे गड्यांचं घर असेल. तुम्ही चहा दिलात. कॉफीच्या गावात चहा, याचंही मला नवल वाटलं. चहा झाल्यावर मी म्हटलं, "चला, आता इस्टेट दाखवा."

तुम्ही मला मागच्या पडवीत नेलंत आणि हात पुढे केलात. "हे काय न जी. हेच."

मी कुंपणापर्यंत पाहिलं. मग कुंपणापलीकडे पाहिलं. मग तुमच्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं ते मला माहीत नाही, पण तुम्ही ते वाचलंत. तुमचा पुढे केलेला हात हळूच खाली आला आणि तुम्ही तो पदराला पुसलात, ओला नसताना. तो हात मला अजून दिसतो. तुमच्या नवऱ्यामागे एकटीने राखलेली, करुणाला शिकवणारी ती झाडं तुम्ही मला अभिमानाने दाखवली होती, आणि माझ्या एका नजरेने तुम्हाला त्यांची लाज वाटायला लावली.

परत आल्यावर मी सांगायला हवं होतं. सेलिनने विचारलं, "किती एकर आहे गं?" मी म्हटलं, "डोंगर आहे तो. डोंगर कोण मोजतं?"

हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी समजू शकले असते. पण मी वाडीतली मुलगी. आमच्या वसईच्या वाड्या तरी केवढ्या होत्या? विहीर, रहाट, थोडी केळी, थोडी पानवेल, कडेला मोगरा. त्या तुकड्यावर आईने आम्हां भावंडांना वाढवलं. पहाटे डोक्यावर टोपली घेऊन ती बाजाराला निघायची, आणि मी कॉन्व्हेंटच्या गणवेशात असले की रस्ता बदलून जायची. तिने मला कधी तसं सांगितलं नाही, मीही तिला कधी सांगितलं नाही. आम्ही दोघींनी ते समजून घेतलं होतं. मी शिकले, ऑफिसात लागले, वाडीची वाट विसरले. मग इतक्या वर्षांनी माझ्या मुलासाठी मुलगी मिळाली ती पुन्हा वाडीतलीच. फक्त केळीच्या जागी कॉफी. देवाने मला दुसरी संधी दिली होती असं आता वाटतं. या वेळी रस्ता मी बदलला.

लग्नानंतर तुम्ही बोळिंजला चार दिवस राहिलात, तेव्हा सेलिन आणि पॅरिशच्या बायका मुद्दाम तुम्हाला भेटायला आल्या. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून येत होते आणि सेलिनचा आवाज आला.

"मार्थाबाई, तुमच्या बंगल्यात खोल्या किती हो?"

मी उंबऱ्यावर थांबले. तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलंत. एकदाच. तुम्हाला बंगल्याची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा कळत होती. मला वाटलं, आता बाई खरं सांगणार आणि मी जमिनीत जाणार.

तुम्ही पाय आखडून खुर्चीत नीट बसलात, पदर सारखा केलात, आणि म्हणालात, "खोल्या कायले मोजाव जी? झाडायला येनाऱ्या बाया मोजतात. मी तं सकाळी घोड्यावर बसतो अन निंगतो."

"घोड्यावर!"

"मंग? चढ किती हाये तिकडे. पायी फिरलं तं एक डोंगर होते, दुसरा राहून जाते."

"अगंबाई! आणि पडायची भीती?"

"आमचा राजा हुशार हाये. पाडत नाही कोनाले. पाव्हण्यालेच पाडते."

काय हशा झाला! आणि तुमच्याकडच्या बायका "मी बसतो, मी निघतो" अशाच बोलतात हे आमच्या बायकांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, ही मालकिणीची बोलायची ढब. सेलिन निघताना मला म्हणाली, "रुबाब बघ बाईचा! पुरुषासारखी बोलते. इस्टेट चालवायची म्हणजे तसंच लागतं."

सगळ्या गेल्यावर मी कप विसळत होते आणि तुम्ही शेजारी उभ्या राहून पुसत होता. मी वाट बघत होते. तुम्ही रागावाल, विचाराल, काहीतरी म्हणाल. तुम्ही म्हणालात, "इहीनबाई, घोडा जरासा जास्तच झाला का?" आणि खोकला येईपर्यंत हसलात.

मी हसले नाही. मी म्हटलं, "असू द्या."

असू द्या. तुम्ही माझी अब्रू राखण्यासाठी स्वतःच्या घराला बंगला म्हणून घेतलंत, आणि मी तुम्हाला जणू सांडलेला चहा माफ केल्यासारखं "असू द्या" म्हटलं. क्षमा मागितली नाही, आभार मानले नाहीत. त्यानंतर आपण कितीदा भेटलो. तो विषय माझ्या जिभेवर कितीदा आला आणि मी साखर किती घालू असं विचारून गिळला.

घोडा मात्र वाढत गेला. मुलं झाली, बोलू लागली, आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही त्यांना राजाच्या गोष्टी सांगू लागलात. राजाने कॉफीची फळं खाल्ली आणि रात्रभर त्याला झोपच नाही. राजा धुक्यात हरवला आणि कमलाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. आयझॅक तर जेवत नसे राजाने काय खाल्लं ते ऐकल्याशिवाय. मी इकडच्या चौकोनात ताठ बसून ऐकायची. एकदा मुलांचा फोन संपल्यावर मी तुम्हाला वेगळा फोन केला आणि म्हटलं, "मार्थाबाई, मुलांना तरी खरं सांगू या आता. मोठी होतायत."

"सांगा न मंग."

"मी कशी सांगू? घोडा तुम्ही आणलात."

"घोडा म्या आनला. बंगला कोनं आनला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमी आनला, तुमी न्या. मंग घोड्याचं पाहू."

तुमच्या आवाजात हसू होतं, पण त्या हसण्याच्या खाली दुसरंही काही होतं. तो वाद आपला तिथेच राहिला. दर वेळी तुम्ही विचारायच्या, "बंगला नेला का जी?" आणि मी म्हणायची, "नेते, नेते." मागच्या उन्हाळ्यातही तुम्ही विचारलंत.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी आमच्या मजल्यावर सांगितलं आणि लगेच गाडी पकडली. वाटेत फोनवर पॅरिशच्या ग्रुपवरचा सेलिनचा संदेश पाहिला. तुमचं नाव, त्याखाली "सुप्रसिद्ध कॉफी इस्टेटच्या मालकीण", आणि कुठूनतरी उतरवून घेतलेलं एक चित्र: हिरव्यागार टेकड्या, पाठीवर करंड्या बांधलेल्या बायका. ते चहाचे मळे होते, मार्थाबाई. कॉफीचे सुद्धा नव्हते. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. काही वेळाने मीही हात जोडले. गाडी अकोल्याच्या पुढे होती, खिडकीबाहेर कापसाची रिकामी शेतं जात होती, आणि माझी विहीण मेल्याचं रडू येण्याआधी मला त्या चित्राची लाज वाटली. मग दोन्ही एकदम आलं. शेजारच्या बाईने मला पाणी दिलं आणि विचारलं, "सख्खी बहीण का?" मी हो म्हटलं.

तुम्हाला मूठमाती देऊन घरी आलो तेव्हा उतारावरची फळं लाल झाली होती. करुणा पडवीत बसून बघत राहिली. तिला लगेच परत जायचं होतं, सुट्टी नव्हती. व्यापारी निरोप देऊन गेला होता की झाडावरून उतरवून तशीच द्या, सालासकट वाळवून मी बघून घेईन. सालासकट म्हणजे साधा माल, न धुतलेला. करुणा म्हणाली, "देऊन टाकू या, मम्मी. आईच्या हातची धुतलेली कॉफी आता कोण करणार?"

मी म्हटलं, "मी थांबते."

का म्हटलं, मला माहीत नाही. इतकी वर्षं मी तुमच्याकडे येऊन खुर्चीत बसले होते. मुलाची आई म्हणून तुम्ही मला काही करू द्यायच्या नाहीत. अंगणातली एकुलती एक खुर्ची माझी, आणि तिच्यातून मी सगळा हंगाम पाहिलेला: फक्त पिकलेलं लाल फळ तोडायचं, पाण्यात टाकायचं, पोकळ वर येतं ते काढून घ्यायचं, बुडालेल्या फळांची त्याच दिवशी साल काढायची. बुडालेल्याची चांगली कॉफी बाहेर जायची आणि वर तरंगलेल्याची तुम्ही घरात प्यायच्या, भरपूर दूध-गूळ घालून. माझ्या डब्यात मात्र कायम बुडालेलीच. हे मला करुणाने या खेपेला सांगितलं. मी कॉफी पिताना तुमच्याकडे बघून "छान आहे" म्हणायची, आणि तुमच्या कपात दुसरीच असायची.

कमलाबाईंनी कुंपणावरून ऐकलं आणि त्या हसल्या. "तुमी करता? बसून पाह्यलं म्हून येत नाही जी ते. पाठीचा काटा ढिला होते." पण साल काढायचं हाताने फिरवायचं मशीन, जे तुमच्या दोघींत मिळून एकच आहे, ते त्यांनी त्याच दिवशी आणून दिलं, आणि तोडायला स्वतःही आल्या.

मी तोडलं, सावकाश. कंबर धरली. मशीनचा दांडा कमलाबाईंनी फिरवला, मी वरून फळं टाकली. एकीकडे साल, एकीकडे बिया. त्या बियांवर जो बुळबुळीत गर असतो त्याला तुमच्याकडे 'लाज' म्हणतात हे मला माहीत होतं, कारण खुर्चीत बसलेल्या मला तुम्ही एकदा मूठभर आणून दाखवलं होतं. बिया हातातून सटासट निसटल्या आणि तुम्ही म्हणालात, "पाहा, कशी लाजते. नव्या नवरीवानी हाती लागत नाही. हे लाज जाऊ द्याव लागते. लाज गेली का बी बोलते."

टाक्यात बिया भरल्या, झाकून ठेवल्या. सकाळी झाकण काढलं तर आंबूस वास, वर फेस. माझ्यासारख्या व्यवस्थित बाईला तो वास सहन होईना. मला वाटलं, झालं, आता धुवायचं. मी बाह्या सरसावल्या आणि दोन्ही हातांनी घासायला लागले. घासते, पाणी सोडते, पुन्हा घासते. गर निघेना. बिया तशाच गुळगुळीत, निसटत्या. मी अंगातलं सगळं बळ लावत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला कळत नव्हतं की मी नक्की काय घासते आहे.

कमलाबाई कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या. "कायले घासून राह्यल्या जी? थंडी हाये, टाइम लागते. लाज घासून जाते काय? ठेवा तशीच. तिची तिले सुटू द्या."

"सुटली नाही तर?"

"सुटते न. मार्थाची कधी सुटली नाही का? झाका अन चहा प्या."

मी झाकण घातलं. त्यांनी केलेला चहा प्यायले, त्या खुर्चीत नाही, पायरीवर. तिथे बसून मी तुम्हाला हे लिहायला घेतलं. टाकं माझ्या पायाशी होतं आणि त्यात काय चाललंय ते मला दिसत नव्हतं.

वरचं लिहून काही दिवस झाले. बिया धुऊन झाल्या. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर कमलाबाईंनी टाक्यात काठी खुपसून बाहेर काढली. काठीचं भोक तसंच राहिलं, भरून आलं नाही. "आता घ्या," म्हणाल्या. मी मूठ भरली आणि चोळली. बिया निसटल्या नाहीत. खरखरीत झाल्या होत्या, आणि एकमेकींवर घासून आवाज करत होत्या, पन्हळीखालच्या बारीक खड्यांसारखा. तुम्ही म्हणायच्या तो बोलण्याचा आवाज. मी ऐकतच राहिले. कमलाबाईंनी पाणी सोडलं नसतं तर मी तशीच उभी राहिले असते.

वाळवणं मला शिकवावं लागलं नाही. खाटेवर जाळी टाकून बिया पसरल्या, आणि माझे हात आपोआप चालू लागले. माझी आई राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, सुकेळी करायची. ऊन कडक झालं की सावली, दुपार कलली की उलटणं, दव पडायच्या आत झाकणं. लहानपणी ते माझं काम होतं. तुम्ही दर वेळी मला म्हणायच्या, "वसईची सुकेळी आना जी, तुमच्या हातची." आणि मी दर वेळी मुंबईच्या मोठ्या दुकानातला केक आणायची, कारण सुकेळी करते असं सांगायची मला लाज वाटायची. तुम्हाला केक आवडायचा नाही. तुम्ही तो कमलाबाईंना द्यायच्या. त्यांनीच सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "मलेही नाही आवडत. बकरीले देतो मी."

आज सकाळी मी सेलिनला फोन केला. तिला म्हटलं, ते चित्र काढून टाक, ते आपलं नाही, आणि बंगला नाही, आणि हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ती म्हणाली, "मग त्या दिवशी त्या बाई खोटं का बोलल्या?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." सेलिन म्हणाली, "एवढी चांगली विहीण मला मिळाली असती तर मी पण लपवून ठेवली असती." ती बाई मला कधी कळली नाही.

नंतर नोराला फोन लावला. तिकडे त्यांची रात्र, तिची झोपायची वेळ. ती म्हणाली, "आजी, फोटो?" मी म्हटलं, "आधी ऐक." फोन खाटेवर ठेवला, दोन्ही हातांत बिया घेतल्या आणि चोळल्या.

"हे काय आहे? पाऊस?"

"इस्टेट," मी म्हटलं. "तुझ्या आजीची. ही सगळी. एक घर आणि मागे कॉफी, तेवढीच. इस्टेट म्हणजे मराठीत आपलं जे काही असतं ते. तिने मला हेच सांगितलं होतं, मीच इंग्रजीत ऐकलं."

"म्हणजे बंगला..."

"बंगला नाही. कधीच नव्हता. तो मी बनवला आणि सगळ्यांना सांगत राहिले. तुझी आजी माझ्यासाठी गप्प बसली. शाळेत हे असंच सांग."

मला वाटलं रडेल. ती विचार करत होती. मागून आयझॅकचा आवाज आला, तो झोपला नव्हता. "आणि राजा? राजा पण नाही?"

मी हातातल्या बियांकडे पाहिलं. मार्थाबाई, तुम्ही म्हणाला होता, आधी बंगला न्या, मग घोड्याचं पाहू. मी पाहिलं.

"राजाचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "तो तुमच्या आजीचा होता."